परतीचा मैल

ब्रुसेल्सहून समुद्राकडे निघालं की गेंट ओलांडल्यावर रस्ता एकेक करून वळणं टाकत जातो. आल्टर येतं, ब्रूज उजव्या हाताला राहतं आणि मग याबेके. बहुतेकांच्या लेखी हा नुसता फाटा आहे. एक रस्ता ओस्टेंडला जातो, दुसरा फ्यूर्नवरून फ्रान्सच्या हद्दीकडे. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, चरणाऱ्या गाई, पॉप्लरच्या रांगा आणि समुद्राकडून येणारा, कधी फारसा न थांबणारा वारा. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. नोकरीसाठी गेंटला राहायला आल्यापासून हा रस्ता माझ्या सवयीचा झाला आहे. तरीही आल्टर मागे पडलं की मी सीटवर सरळ होऊन बसतो. मोटारींचं वेड असणाऱ्या माणसाची ही पंढरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या काही वर्षांत 'आमची गाडी एवढी पळते' हे ज्याला जगासमोर सिद्ध करायचं असे, तो गाडी घेऊन इथे येत असे.

ते इथेच का येत, याचं कारण साधं आहे. गाडी ताशी दीडशेपर्यंत पटकन जाते. शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर मात्र ती फार सावकाश देते आणि त्यासाठी लांबच लांब सरळ रस्ता खाते. ब्रिटनमध्ये उत्तम स्पोर्ट्स कार बनत होत्या, पण असा रस्ता नव्हता. तिथला पहिला मोटरवे, प्रेस्टन शहराला वळसा घालणारा छोटा तुकडा, सुरू झाला तो डिसेंबर १९५८ मध्ये. बेल्जियमनं मात्र ब्रुसेल्स-ओस्टेंड महामार्गाचं काम युद्धाआधीच हाती घेतलं होतं. पूर्ण रस्ता व्हायला पुढे बरीच वर्षं गेली, पण याबेके ते आल्टर हा सरळसोट तुकडा तयार होता आणि त्यावर रहदारी जेमतेम होती.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला युद्धानंतरचं पहिलं मोठं मोटार प्रदर्शन भरलं. रेशनिंग चालूच होतं. पोलाद हवं असेल तर माल परदेशी विका, असा सरकारचा कारखान्यांना दम होता. त्या प्रदर्शनात जॅग्वारनं एक्सके १२० मांडली. खरं तर कंपनीला तिचं नवं इंजिन दाखवायचं होतं. सहा सिलिंडर, ३.४ लिटर, १६० हॉर्सपॉवर. हे इंजिन पुढच्या मोठ्या घरगुती मोटारीसाठी होतं आणि त्याची कल्पना जन्मली ती युद्धकाळात. कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते तेव्हा कारखान्यात आगीवर नजर ठेवण्याची पाळी असे, आणि त्या पाळीत कंपनीचा प्रमुख विल्यम लायन्स आणि त्याचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे लोक नव्या इंजिनाची चर्चा करत बसत. जळणाऱ्या शहरावर पहारा देताना माणसं शांततेच्या काळातल्या मोटारीचा विचार करत होती, हे मला कायम भारावून टाकतं.

इंजिन दाखवायला म्हणून घाईनं उभी केलेली ती दोन आसनी गाडी लोकांनी पाहिली आणि गर्दी हलेना. किंमत कर सोडून ९९८ पौंड. आणि नावातला आकडा म्हणजे तिचा वेग, ताशी १२० मैल, १९३ किमी. साहजिकच पुष्कळांना ते पटलं नाही. एवढ्या पैशात एवढा वेग, तोही कुणीही जाऊन विकत घेऊ शकेल अशा गाडीत?

ही शंका मला योग्य वाटते. गाडीच्या नावातच तुम्ही आकडा घातलात तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. लायन्सनं ती घेतली. ३० मे १९४९ रोजी त्यानं ब्रिटिश पत्रकारांना विमानात बसवून बेल्जियमला आणलं, पोलिसांनी रस्ता अडवला, वेळ मोजायला बेल्जियमच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबचे लोक उभे राहिले, आणि कंपनीचा चाचणी चालक रॉन सटन पांढऱ्या एक्सके १२० मध्ये बसला.

मोजणी अशी होती. थांबलेल्या गाडीपासून सुरुवात नाही. चालकानं कित्येक किलोमीटर आधीपासून वेग घेत यायचं आणि पूर्ण वेगात मोजणीच्या मैलात शिरायचं. मैलाच्या दोन टोकांना वेळ टिपायची. मग पुढे जाऊन थांबायचं, गाडी वळवायची आणि तोच मैल उलट्या दिशेनं तसाच कापायचा. दोन्हींची सरासरी हा अधिकृत वेग. आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या नियमात तर दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत व्हाव्या लागतात, म्हणजे जाताना मिळालेला वारा येताना तोवर पडून गेला, असं होऊ नये.

सटनच्या गाडीचा वेग आला ताशी १३२.५९६ मैल, म्हणजे २१३ किमी. हा आकडा पुढची मोठी काच काढून, तिथे छोटीशी काच लावून आणि खालून पत्रा बसवून मिळाला होता. पण ते तिथेच थांबले नाहीत. गिऱ्हाईक ज्या अवस्थेत गाडी चालवणार त्या अवस्थेत, कापडी टप आणि काचा लावूनही गाडी पळवली. तेव्हा १२६.४४८ मैल आले, २०३ किमी. म्हणजे टप लावूनही नावातला आकडा खरा ठरला. आणि मग सटननं जे केलं ते मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतं. टॉप गिअरमध्येच ठेवून त्यानं तीच गाडी पत्रकारांसमोरून ताशी दहा मैलांनी, सायकलच्या वेगानं, निवांत नेली. इंजिनानं ना धक्के दिले, ना ते बंद पडलं. शर्यतीसाठी ताणून ताणून तयार केलेल्या इंजिनाला हे जमत नाही. पाहणाऱ्यांना उमगलं की ही गाडी रोज बाजारात नेता येईल.

या घटनेबद्दल मी पुन्हा पुन्हा वाचतो त्याचं कारण वेगाचा आकडा नाही. आजची साधी डिझेल गाडीही त्या आकड्याच्या आसपास जाते. मला भिडतो तो तो उघडेपणा. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांनाच बोलावलं, घड्याळ दुसऱ्यांच्या हातात दिलं, गाडी दोन्ही दिशांनी पळवली आणि कमी आलेला आकडाही जाहीर केला.

हा रस्ता जॅग्वारला नवा नव्हता. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९४८ मध्ये, गोल्डी गार्डनर या जिद्दी ब्रिटिश माणसानं आपल्या विक्रमी गाडीत जॅग्वारचं दोन लिटरचं प्रायोगिक इंजिन बसवून याबेकेला ताशी १७६ मैलांच्या वर वेग नेला होता. पण ती गाडी एकच, खास बनवलेली. सटनची गाडी मात्र तुम्हीआम्ही मागवू शकू अशी. फरक तिथे आहे.

पुढे १९५३ साली या रस्त्यावर जणू चढाओढच लागली. मार्चमध्ये सनबीम अल्पाइन आली. तिची चालक होती शीला व्हॅन डॅम. वडिलांचं लंडनमध्ये विंडमिल नावाचं नाटकगृह, आणि ही रॅलीत गाड्या पळवणारी. तिनं ताशी १२० मैलांचा आकडा ओलांडला. एप्रिलमध्ये जॅग्वार पुन्हा आली आणि जवळजवळ १४२ मैल करून गेली. मे महिन्यात ट्रायम्फची टीआर २ आली, केन रिचर्डसनच्या हाती. अवघ्या दोन लिटरचं इंजिन, आणि वेग १२४ मैलांच्या वर. सप्टेंबरात स्पेनची पेगासो आली. बार्सिलोनाच्या या कंपनीचा मुख्य धंदा ट्रक आणि बस बनवण्याचा. यादवी युद्धानं पिचलेल्या देशातल्या ट्रक कारखान्यानं बनवलेल्या स्पोर्ट्स कारनं सेल्सो फर्नांदेसच्या हाती ताशी २४३ किमी वेग गाठला आणि जॅग्वारचा आकडा पुसला.

उत्तर यायला महिनाही लागला नाही. २० ऑक्टोबर १९५३ ला नॉर्मन ड्युइस एक्सके १२० घेऊन आला. कॉव्हेंट्रीचा, बुटका, काटक माणूस. युद्धात ब्लेनहाइम बॉम्बर विमानात तोफची होता, आणि १९५२ पासून जॅग्वारचा मुख्य चाचणी अभियंता. डनलॉपबरोबर डिस्क ब्रेक विकसित करण्यात त्याचा मोठा वाटा होता. आज तुमच्या-माझ्या गाडीला जे ब्रेक आहेत त्यांच्यामागे अशा माणसांनी घेतलेले धोके आहेत. त्यानं त्या दिवशी किती केले? ताशी १७२.४१२ मैल. २७७ किमी.

इथे जरा थांबून हिशेब करावासा वाटतो. महामार्गाच्या वेगाला गाडीची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्याच्यावर मात करायला लागणारी ताकद आठपट. नुसता दहा टक्के जास्त वेग हवा असेल तर तेहतीस टक्के जास्त ताकद लागते. सटनच्या १३२ वरून ड्युइसच्या १७२ वर जायचं म्हणजे वेगात तीस टक्क्यांची वाढ, आणि ताकद सव्वादोन पटीच्या आसपास हवी. ड्युइसच्या गाडीचं इंजिन सुधारलेलं होतं, पण एवढं नक्कीच नाही. मग उरलेला वेग आला कुठून? हवेतून. पुढची काच पूर्ण काढली. बंपर काढले. समोरची भोकं झाकली. चालकाची बैठक खाली नेली आणि त्याच्या डोक्यावर ग्लायडरला असतो तसा पर्स्पेक्सचा पारदर्शक घुमट बसवला. हा घुमट बाहेरून बोल्टनं आवळला जाई. म्हणजे आत बसलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर पडायची सोयच नव्हती.

ताशी १७२ मैलांनी एक मैल कापायला २०.८८ सेकंद लागतात. घड्याळ एक दशांश सेकंदानं चुकलं तर आकडा जवळजवळ एक मैलानं बदलतो. वेग जितका जास्त तितकं मोजमाप नाजूक होत जातं. म्हणूनच मोजणारा त्रयस्थ असावा लागतो. आणि त्या एकवीस सेकंदांमध्ये आत बंद असलेल्या ड्युइसला काय काय ऐकू येत असेल, काँक्रीटचे सांधे, टायर, वारा, याचा विचार मी त्या पट्ट्यावर ताशी १२० नं जाताना अनेकदा केला आहे. बाजूनं झोत आला की माझी आजची, दीड टनाची गाडीसुद्धा किंचित सरकते आणि हात आपोआप स्टीअरिंग घट्ट धरतात. ड्युइस ९८ वर्षं जगला, २०१९ साली गेला. याबेकेनं त्याला सुखरूप परत दिलं.

सगळ्यांना असं परत येता आलं नाही. इथून जर्मनीकडे निघून फ्रँकफर्टच्या दक्षिणेला डार्मश्टाटकडे जाणारा महामार्ग लागतो. २८ जानेवारी १९३८ च्या सकाळी तिथे रुडॉल्फ काराचिओलानं मर्सिडीजच्या विक्रमी गाडीत ताशी ४३२.७ किमी वेग नोंदवला. ही काही विकत मिळणारी गाडी नव्हती. शर्यतीच्या गाडीवर चढवलेलं, जमिनीलगत पसरलेलं कवच होतं ते. मागे नाझी राजवट होती आणि या आकड्यांचा तिला प्रचारासाठी भरपूर उपयोग होता. दोन जर्मन कंपन्यांची स्पर्धा सरकारला हवीच होती. ऑटो युनियनचा बर्न्ड रोझेमायर त्याच दिवशी उत्तर द्यायला आला. तोवर वारा वाढला होता. काराचिओलानं त्याला त्याची कल्पना दिली होती. दुपारच्या आधी रोझेमायर निघाला, आणि झाडी संपून मोकळं रान लागतं तिथे बाजूनं आलेल्या झोतानं गाडी रस्त्यावरून उचलली गेली. तो २८ वर्षांचा होता. बायको एली बाइनहॉर्न नावाजलेली वैमानिक, मुलगा अडीच महिन्यांचा. आज त्या महामार्गाच्या कडेला एका पार्किंगच्या जागी त्याच्या नावाचा दगड आहे. मी तिथे थांबलो आहे. दगडापासून काही पावलांवर ट्रक धडधडत जात असतात. रागच आला मला तिथे. वारा वाढलेला सगळ्यांना दिसत होता. तरीही तिथे जमलेल्या एवढ्या जाणत्या माणसांपैकी कुणीही 'आज नको' म्हणून ती फेरी थांबवली नाही.

काराचिओलाचा तो आकडा सार्वजनिक रस्त्यावरचा सर्वांत मोठा वेग म्हणून ७९ वर्षं टिकला. तो मोडला अमेरिकेत, ४ नोव्हेंबर २०१७ ला. नेवाडातल्या लास वेगासहून पाह्रंपला जाणाऱ्या १६० क्रमांकाच्या रस्त्याचा सुमारे १८ किमीचा तुकडा बंद करून स्वीडनच्या कोएनिगसेग कंपनीची अगेरा आरएस पळवण्यात आली. चालक निक्लास लिल्या. गाडी एका गिऱ्हाइकाची. एका दिशेला वेग आला ४३६.४४, उलट दिशेला ४५७.९४. सरासरी ४४७.१९ किमी. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तीच गाडी, तोच माणूस, तोच रस्ता, तोच दिवस, आणि फरक साडेएकवीस किलोमीटरचा. वारा, रस्त्याचा अगदी डोळ्यांना न दिसणारा उतार, दुसऱ्या फेरीला चालकाचा बसलेला हात, असं सगळं त्या साडेएकवीसात आहे. कंपनीनं फक्त मोठा आकडा छापला असता तर तोही खोटा नव्हता. पण त्यात गाडीचं किती आणि वाऱ्याचं किती हे कुणाला कळलं नसतं. २०१९ साली बुगाटीनं जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या खासगी ट्रॅकवर ताशी ४९० किमी ओलांडले, अँडी वॉलेससारख्या कसलेल्या चालकाच्या हातून. अफाट कामगिरी आहे. पण ती एकाच दिशेनं झाली, म्हणून विक्रमांच्या यादीत ती वेगळीच राहते, आणि मला हे बरोबर वाटतं.

त्याच नेवाडाच्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये एसएससी या अमेरिकन कंपनीनं आपल्या तुआतारा गाडीची चाचणी घेतली आणि सरासरी ताशी ५०८ किमी असा दावा केला. व्हिडिओ प्रसिद्ध झाला. काही दिवसांतच गाड्यांच्या वेडानं पछाडलेल्या लोकांनी तो कडेच्या खुणांशी ताडून पाहिला. या खांबापासून त्या वळणापर्यंत अंतर किती, लागलेला वेळ किती, मग वेग किती? गिअरचं गुणोत्तर आणि इंजिनाचे फेरे यांचा हिशेब काय सांगतो? काहीच जुळेना. पुढे कंपनीनं मान्य केलं की जाहीर केलेला वेग त्या दिवशी गाठलाच गेला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्राच्या लांब धावपट्टीवर पुन्हा चाचणी झाली, दोन्ही दिशांनी, गाडीच्या मालकानं स्वतः चालवून. सरासरी आली ताशी ४५५ किमी. अस्सल, देखणा आकडा. सुरुवातीलाच हा सांगितला असता तर जगानं डोक्यावर घेतलं असतं. घरी बसून, फीत मागे-पुढे करत, अंतर आणि वेळ मांडणाऱ्या त्या अनोळखी लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. १९४९ साली याबेकेच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पत्रकारांचंच काम त्यांनी केलं.

आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्यांमध्ये, अगदी रोझेमायरच्या दुर्दैवी फेरीतसुद्धा, एक गोष्ट समान होती. रस्ता बंद होता. रस्ता चालू असताना झालेली सगळ्यात गाजलेली चाचणी ब्रिटनची. जून १९६४ मध्ये एसी कार्स ही कंपनी ल मॉंच्या शर्यतीसाठी तयार केलेली कोब्रा कूपे पहाटे एम १ मोटरवेवर घेऊन आली. एवढ्या वेगासाठी पुरेल असा ट्रॅक देशात नव्हता, आणि मोटरवेवर तेव्हा वेगमर्यादाच नव्हती. जॅक सिअर्सनं ताशी १८५ मैल, म्हणजे जवळजवळ ३०० किमी वेग गाठला. कायद्यानं काही गुन्हा नाही. पण बातमी फुटली, वर्तमानपत्रांनी उचलली आणि गहजब झाला. डिसेंबर १९६५ मध्ये ७० मैलांची मर्यादा आली तेव्हा लोकांनी त्याचं खापर कोब्रावर फोडलं. मर्यादेमागे खरं कारण त्या हिवाळ्याच्या तोंडावर धुक्यात झालेले भीषण अपघात होते. सिअर्स निष्णात होता, पहाटेची वेळ निवडली होती, कुणाला ओरखडाही आला नाही. तरीही मला ही चाचणी रुचत नाही. शेजारच्या लेनमधून दुधाचा किंवा भाजीचा ट्रक नेणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, आम्ही तुझ्या अंगावरून तीनशेनं जाणार आहोत, चालेल का?

हे सगळं इतक्या तपशिलात मांडायचं कारण नागपूरला आहे. माझा भाचा तिथे असतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हुशार पोरगा. त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. समृद्धी महामार्ग, रात्र, मित्राची गाडी, आणि मीटरचा काटा दोनशेवर. खाली लिहिलेलं, 'मामा, तुझ्या याबेकेला टक्कर!' समृद्धी हा रस्ता असा आहे की मोह होतोच. ७०१ किलोमीटर, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. विदर्भातून निघालं की तासन्‌तास समोर सरळ काँक्रीट. मर्यादा ताशी १२०. मला त्या रस्त्याचा अभिमान आहे. माझ्या लहानपणी नागपूरहून मुंबईला जाणं म्हणजे रात्रभराची रेल्वे, दुसरा विचारच नसे. पण तो व्हिडिओ पाहून माझ्या पोटात गोळा आला.

दोनशेला गाडी एका सेकंदात ५५ मीटर जाते. हेडलाइट खाली असतील तर उजेड पडतो साठ-सत्तर मीटर. म्हणजे उजेडात कुत्रं आलं, किंवा फुटलेल्या टायरचा तुकडा आला, तर विचार करायला सेकंदभरच मिळतो. ब्रेक दाबल्यावरही दोनशेवरून थांबायला शंभरच्या चौपट अंतर लागतं. कुंपण आहे, मान्य, पण कुंपणानं कुत्रं थांबतंच असं नाही आणि आडवा थांबलेला ट्रक तर नाहीच.

हे मी त्याला लिहिलं आणि त्याला काही पटलं नाही. त्या वयात मलाही पटलं नसतं. मग मी फोन केला आणि वेगळीच बाजू काढली.

"घड्याळ कुणी लावलं होतं?"

"कसलं घड्याळ? मीटरवर दिसतंय ना."

मीटरचं गणित त्याला माहीत नव्हतं. गाड्यांच्या स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम असा आहे की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकं जास्त दाखवलं तर चालतं. म्हणून कारखाने मीटर जास्तीच्याच बाजूला ठेवतात. दोनशे दाखवणारी गाडी प्रत्यक्षात १७९ नं चालली असेल तरी ती नियमातच बसते. "म्हणजे," मी म्हटलं, "तू मित्राचा आणि रस्त्यावरच्या सगळ्यांचा जीव ज्या आकड्यासाठी टांगणीला लावलास तो आकडा तुला माहीतच नाही. आणि परतीची फेरी कुठाय?"

तो गप्प झाला. मग इंजिनिअर जागा झाला त्याच्यातला.

मी त्याला सांगितलं, जास्त वेगाची हौस असेल तर इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ट्रॅक आहे. ११.३ किमीचा लंबवर्तुळाकार, चार लेनचा, अशाच चाचण्यांसाठी बांधलेला. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही वेगाची स्पर्धा होते, तिथे हेल्मेट घालून, वेळ मोजणाऱ्यांसमोर गाडी पळवता येते. आणि हे दोन्ही होईपर्यंत एक चाचणी समृद्धीवर कायद्यात राहून करता येईल. मीटर शंभरवर ठेवायचं, क्रूझ कंट्रोल लावायचा, पाय काढून घ्यायचा. शेजारी बसलेल्यानं किलोमीटरचा दगड ओलांडताना स्टॉपवॉच सुरू करायचं आणि दहा किलोमीटरनी बंद करायचं. खरा वेग शंभर असेल तर बरोबर सहा मिनिटं लागली पाहिजेत. मग पुढच्या इंटरचेंजला उतरून तेच दहा किलोमीटर उलट्या दिशेनं.

पुढच्या आठवड्यात त्यानं कागदाचा फोटो पाठवला. अक्षर त्याचंच, गिचमिड. जाताना सहा मिनिटं चौदा सेकंद, येताना सहा मिनिटं पंधरा. खाली हिशेब : खरा वेग ताशी ९६. मीटर साधारण चार किलोमीटर जास्त दाखवतं. दोन्ही फेऱ्या का जुळल्या याचं कारणही त्यानं स्वतःच लिहिलं होतं : क्रूझ कंट्रोल वाऱ्याप्रमाणे ताकद कमी-जास्त करतो, म्हणून वारा आकड्यात दिसत नाही, टॉप स्पीडला हातची ताकद संपलेली असते, म्हणून तिथे दिसतो. वाचून मला इतका आनंद झाला की मी ऑफिसातूनच त्याला फोन लावला.

"मामा, एक राहिलं," तो म्हणाला. "मित्राचे टायर बरेच झिजलेत. नवे टाकले तर हाच आकडा येईल का?"

नाही येणार. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, तेवढंच अंतर जायला चाक जास्त फिरतं आणि मीटर चाकाचे फेरे मोजतं. नवे टायर घातले की मीटर खऱ्याच्या थोडं जवळ येईल. किती जवळ, ते तो आता मोजणार आहे. त्यासाठी त्यानं आधी मित्राला ते टायर बदलायला लावले आहेत.